डावा पंख दोन सूत कमी

आमच्या आत्याला दार कळतं. माणसं, सरकारी कागद, मोबाईलवरचे मेसेज यातलं तिला फारसं काही कळत नाही, आणि कळून घ्यायची घाईही नाही. पण दार समोर आलं की ती दोन बोटांनी ढकलते, सोडते, आवाज ऐकते आणि सांगते, "वरची बिजागरी ढिली आहे, आणि या घरात कोणीतरी रागीट आहे." दोन्ही बरोबर निघतं.

बावीस वर्षं तिने दारांच्या कारखान्यात काढली. मग चौकटीसकट तयार दारं यायला लागली, खोक्यातून काढायची आणि बसवायची, आणि कारखान्याला कुलूप लागलं. बाकीचे पांगले. आत्याने आपली हत्यारं उचलली, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या कोपऱ्यात मांडली आणि लोकांची फुगलेली, अडणारी, करकरणारी दारं दुरुस्त करायला लागली. राहते आमच्याकडेच. लग्न झालं होतं, दीड वर्ष टिकलं. का मोडलं विचारलं की म्हणते, "दारं आपटायचा." यापुढे कोणी काही विचारत नाही.

बाबा तिचे मोठे भाऊ. बस डेपोत ब्रेकचे मिस्त्री. आत्या सत्तेचाळीस वर्षांची, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, आख्खं दार एकटी खांद्यावर टाकून तीन मजले चढते, तरी बाबा तिला अजून 'बारके' म्हणतात. ती त्यांना दादा म्हणते. कुठल्या सुरात म्हणते त्यावरून आम्हाला कळतं की आज भांडण आहे की नाही.

या वर्षी भांडण जागेवरून होतं. तळमजल्यावरच्या बँकवाल्या आजोबांनी फळ्यावर नोटीस लावली, पहिल्या तारखेपासून जिन्यात कसलंही काम चालणार नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या चपलेत रोज भुसा सापडायचा. तरी मी खाली जाऊन त्यांना विचारलं, तुमच्या बाथरूमचं दार फुकटात कोणी नीट करून दिलं? ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी म्हणाले, मग दार परत फुगू दे, मग बघू. आत्याने मला दंडाला धरून वर आणलं आणि म्हणाली, "तू माझी बाजू घेऊ नकोस, माझी गिऱ्हाइकं कमी होतात."

आता आमच्या घरात एक मागची खोली आहे. खिडकी मोठी, उजेड भरपूर, आणि आत पाय ठेवायला जागा नाही. तिथे बाबांच्या वस्तू राहतात. चाक नसलेल्या दोन सायकली, सात रेडिओ, एक पाण्याचा पंप, कुणाच्या तरी बसची सीट. सगळं 'कधीतरी दुरुस्त करायचं' म्हणून आणलेलं. मी शाळा सोडली त्याच्याही आधीपासून ते तिथे आहे. आत्याने त्या खोलीकडे नुसतं बघितलं तरी बाबा म्हणायचे, "त्यातलं काहीही टाकाऊ नाहीये."

विमान आलं ते नकाशेवाल्या सरांमुळे. सर म्हणजे आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून आता घरी बसलेले एक गृहस्थ. लाकडाची छोटी विमानं बनवतात, हाताने फेकायची, इंजिन वगैरे काही नाही. आत्या त्यांच्याकडे दार नीट करायला गेली होती. सर खिडकीशी बसून एक पंख घासत होते. आत्याने दोन मिनिटं सहन केलं. मग म्हणाली, "सर, पॉलिश पेपर बोटांनी धरला की लाकडात बोटांचे खड्डे पडतात. ठोकळ्याला गुंडाळा."

सर म्हणाले, "तुम्ही करून दाखवता?"

तिने दाखवलं. दार तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. येताना सरांनी तिला बाल्सा लाकडाची एक फळी दिली आणि एक नकाशा. मी ती फळी तळव्यावर ठेवली तर वजनच कळेना. आत्या म्हणाली, "बावीस वर्षं मी काय उचलत होते गं?"

त्या दिवसापासून ती बिघडली. जेवताना ताटाच्या कडेवरून बोट फिरवायची. फॅनकडे बघत बसायची. एकदा बाबा वैतागून म्हणाले, "आठ दिवसांनी जिना सुटतोय, आणि ही खेळणी करतेय."

"खेळणं नाही, उडेल ते."

"खिडकीतून टाकलं की चप्पलही उडते."

"तीस सेकंद उडेल," आत्या म्हणाली. तीस हा आकडा तिने सरांकडून ऐकला होता. सरांचं सगळ्यात चांगलं विमान तितकंच राहिलं होतं.

बाबांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "रविवारी. डेपोच्या मागच्या मैदानात. तीनदा फेकायचं, घड्याळ माझं. तीस सेकंद राहिलं तर मागची खोली तुझी. नाही राहिलं तर हत्यारं विकायची आणि तिकीट खिडकीवर बसायचं. साहेबांशी मी बोललोय, जागा आहे."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मी ऐकलंय हं. दोन्हीकडचं."

बाबा वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की खिडकीवर बसली तर बहिणीचं भलं होईल. सावली, खुर्ची, महिन्याचा पगार. पण आत्या खुर्चीवर बसून लोकांना सुट्टे पैसे मागतेय हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. आत्या शांतपणे म्हणाली, "चालेल, दादा." तो भांडणाचा सूर नव्हता. त्याहून वाईट होता.

पंख करताना तिला बघायला हवं होतं. पंखाला वरून फुगवटा लागतो, पण मध्यावर नाही, पुढच्या बाजूला. पुढची कड गोल, मागची कागदासारखी, खालून सपाट. आधी छोटा रंधा, अगदी अलगद. बाल्सावर रंधा जोरात मारला की लाकूड सोलत नाही, फाटतं. मग ठोकळ्यावरचा पेपर, आधी जाड, मग बारीक. मध्येच ती थांबायची, डोळे मिटायची आणि अंगठा पुढून मागे फिरवायची. "इथे ढेकूळ आहे," म्हणायची. मला काही लागायचं नाही. ती तिथे तीन हात मारायची आणि खरंच भुसा निघायचा. मग पंख खिडकीच्या काचेला आडवा धरून उजेड कुठून येतो ते बघायची. शेवटी तर तो इतका गुळगुळीत झाला की आईने गालाला लावून बघितला.

पण घोळ आधीच झाला होता, आणि तो घोळ फक्त दारवालीच करू शकते.

कसं असतं, जुन्या घरातली एकही चौकट काटकोनात नसते. मोजून सरळ दार केलं तर ते बसत नाही. म्हणून आत्या मोजपट्टी वापरतच नाही. दार चौकटीला लावायचं, पेन्सिलीने चौकटीची रेघ दारावर घ्यायची आणि तिथे रंधा मारायचा. चौकट जेवढी वाकडी तेवढंच दार वाकडं, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही सरळ दिसतात. कारखान्यात नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी हेच सांगायची, "पट्टीला विचारू नको, चौकटीला विचार."

विमानाचं अंग तिने एका दाराच्या उरलेल्या पट्टीतून काढलं होतं. त्या पट्टीला किंचित पीळ होता. आत्याने सवयीने काय केलं, डावा पंख डाव्या बाजूला लावून रेघ घेतली, उजवा उजव्या बाजूला लावून रेघ घेतली, आणि दोन्ही आपापल्या बाजूला चोख बसवले. कुठे केसाएवढी फट नाही. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

गुरुवारी संध्याकाळी गच्चीवर पहिल्यांदा फेकलं. ते गेलं, डावीकडे वळलं, आणखी वळलं, गिरक्या घेत बँकवाल्या आजोबांच्या वाळत घातलेल्या लेंग्यात घुसलं. एका पायातून आत, आणि तिथेच. मी मोजत होते. चार सेकंद.

"वारा होता," मी म्हणाले.

"वारा नव्हता," आत्या म्हणाली.

दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा चार. दरवेळी डावीकडे, दरवेळी नाकावर.

ती मला घेऊन सरांकडे गेली. सरांनी विमान उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टी लावली. मग तीच पट्टी आणखी दोनदा लावली. आत्या म्हणाली, "सांगा सर, मी रडत नसते."

"डावा पंख दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी आहे. आणि थोडा पातळही. काम इतकं सफाईचं आहे की डोळ्याला दिसतच नाही."

"पण बसलाय बरोबर."

"अंगाला बरोबर बसलाय. अंगच वाकडं आहे. नवीन करा, आधी पुठ्ठ्याचा एक साचा कापा, दोन्ही पंख त्याच्यावरून काढा."

"फळी आहे दुसरी?"

सरांकडे नव्हती. मागवली तर पुढच्या बुधवारी येणार होती. रविवार तर तेरवावर आला होता.

घरी येताना ती विमान उलटसुलट करून बघत होती. मला गप्प बसता येत नाही, म्हणून मी म्हणाले, "आत्या, दार चौकटीत बसतं. हे कशात बसतं?"

"कशातच नाही. हवेत असतं."

"मग हवेला विचार की."

मी चिडून म्हणाले होते, शहाणपणा म्हणून नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हवेला रेघ कशी मारू?" आणि मग पूर्ण रस्ता पुटपुटत होती.

रात्री जेवायला सगळे बसलो. विमान कपाटावर. बाबांनी विचारलं, "काय म्हणतंय विमान?" त्यांना सगळं माहीत होतं, लेंग्याची गोष्ट आख्ख्या इमारतीत झाली होती.

"डावीकडे ओढतंय," आत्या म्हणाली.

"मग त्यात काय, बस डावीकडे ओढत असेल तर आम्ही..." आणि बाबांनी एकदम पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"काय करता तुम्ही डेपोत?" आत्याने विचारलं.

"काही नाही. भाजी दे."

"अहो, सांगा की," आई म्हणाली. "अर्धं बाहेर आलंच आहे."

"मी सांगणार नाही. माझी खोली आहे ती."

आत्या हात आवरून बसली. बाबांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरला आणि काहीतरी एका बाजूला ओढतंय नि आपण गप्प बसलोय हे ब्रेकवाल्याला सहन होत नाही, ते त्यांनाही झालं नाही. "दोन चाकं सारखी कधीच नसतात, बारके. ब्रेक दाबला की एक जास्त धरतं, एक कमी. आम्ही काय नवीन चाक आणतो? जे जास्त धरतं ते थोडं सैल करायचं, गाडी चालवून बघायची, परत सैल करायचं. गाडीच सांगते कुठे थांबायचं ते. आता मला जेवू द्या."

आत्याने ताट अर्धवट ठेवलं आणि कपाटावरून विमान काढलं. आई बाबांना म्हणाली, "गेली तुमची खोली." बाबा म्हणाले, "असं कसं जाईल," पण त्यांचा आवाज जरा बसला होता.

शुक्रवार आणि शनिवार तिने एकही दार घेतलं नाही. पहाटे दोघी शाळेच्या मैदानावर. मी त्या शाळेत पुन्हा पाय ठेवणार नाही असं म्हटलं होतं, पण मैदान म्हणजे काही वर्ग नाही. ती फेकायची, मी पळत जाऊन आणायचे. ती उजव्या पंखाच्या टोकाला पेपरचे दोन हात मारायची, फक्त दोनच, फुंकर मारायची, परत फेकायची. दार लावताना करते तेच. लावायचं, उघडबंद करायचं, कुठे घासतं बघायचं, काढायचं, हात मारायचा, परत लावायचं. फक्त इथे काढायला जाणारी मी, आणि दार शंभर पावलांवर जाऊन पडायचं.

शुक्रवारी सहा, सात, सात, नऊ. शनिवारी अकरा. वळण हळूहळू मोठं होत गेलं. आधी परातीएवढं होतं, मग खोलीएवढं, मग अर्ध्या मैदानाएवढं. मी म्हणाले, "अजून थोडं घास, सरळ जाईल."

"नाही. राहू दे."

"अगं, अजून वळतंय."

"दार आणि चौकटीत नाण्याएवढी फट ठेवावी लागते. नाहीतर ते अडतं. तेवढं वळू दे त्याला."

सर बघायला आले होते. ते म्हणाले, "बरोबर आहे. सरळ गेलं तर ते लांब जाऊन पडेल. गोल फिरलं तर वर राहील." ते पुढे हवेबद्दल बरंच काही बोलले. आत्या मान हलवत होती, पण लक्ष अंगठ्यात होतं. शेवटचं फेकलं तेव्हा सतरा झाले. तिथे तिने पेपर खिशात टाकला. सतरा म्हणजे तीस नव्हे, हे मला भागाकार न येताही कळत होतं.

रविवारी सकाळी अकराला डेपोच्या मागे गेलो. ती जागा बाबांनी मुद्दाम निवडली होती. काळं डांबर, एक झाड नाही, गवत नाही, बाजूला उभ्या बसची रांग. आत्याच्या विमानाला कुठलाही आधार मिळू नये म्हणून. ऊन असं की चपलेतून चटका बसत होता. आईने छत्री आणली होती, सरांनी टोपी, आणि बाबांनी गळ्यात घड्याळ अडकवलं होतं, धावण्याच्या शर्यतीत असतं तसलं. डेपोतून मागून आणलं होतं. त्यांना फसवाफसवी नको होती, स्वतःचीही नाही.

पहिलं फेकलं. छान गेलं, गोल फिरलं आणि एका बसच्या आरशाला आपटून खाली आलं. नऊ. मी धावत गेले, पंख शाबूत होता.

दुसरं चांगलं होतं. दोन पूर्ण फेऱ्या. बाबा मोठ्याने मोजत होते आणि वीसनंतर त्यांचा आवाज बारीक झाला. बावीसला विमान डांबरावर घासत थांबलं.

"बावीस," बाबा म्हणाले. "चांगलं होतं हं, बारके. खरंच चांगलं होतं." असं ते शक्यतो बोलत नाहीत, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

आत्याने विमान हातात घेतलं आणि उभी राहिली. नुसती उभी. पेपर काढला नाही, पंखाला हात लावला नाही. मिनिट गेलं, दोन गेली.

"दिवसभर उभी राहणार का?" बाबा म्हणाले.

"वेळेची अट नव्हती," मी म्हणाले. "कधी फेकायचं ते ठरलं नव्हतं. हवं तर संध्याकाळी फेकेल."

"तू गप्प."

आत्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती गाल फिरवून फिरवून हवा घेत होती. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली की बंद खोलीचं दार उघडलं की आतून कोंदट गरम हवा तोंडावर येते ना, तशी एकदा बसच्या बाजूने आली, थांबली, परत आली. ती परत यायची वाट बघत होती. आली तशी तिने फेकलं.

पहिली फेरी रोजच्यासारखी. दुसरीत ते खाली आलं, बसच्या खिडक्यांच्या उंचीला. बाबा मोजत होते, "अठरा, एकोणीस, वीस." मी आईचा हात दाबत होते, तिने तो सोडवून घेतला, कारण छत्री पडत होती. विमान बसच्या टपांवरून गेलं. तिथे कोणीतरी खालून तळहात लावावा तसं ते वर उचललं गेलं. पुढची फेरी टपांच्या वर. त्याच्या पुढची डेपोच्या छपराच्या वर.

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस," बाबा म्हणाले. आणि थांबलेच नाहीत. "एकतीस, बत्तीस," करत मान वर करून चालायला लागले, मग धावायला लागले, घड्याळ छातीवर आपटत होतं. "अरे, ते वर चाललंय," ते ओरडले. "सर, ते वर का चाललंय?"

"डांबर तापलंय," सर म्हणाले. "गरम हवा वर चढते, त्याला घेऊन चालली आहे."

आत्या एकाच जागी उभी. हात डोळ्यांवर. पंख उन्हात एकदा चमकायचे, एकदा दिसेनासे व्हायचे. दीड मिनिट. दोन मिनिटं. मग ते एवढासा ठिपका झालं आणि मी पापणी हलवली तेवढ्यात हरवलं.

बाबा कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन थांबले. परत आले तेव्हा धापा टाकत होते. "दोन मिनिटं चाळीस," म्हणाले. "खाली कधी येईल?"

"आता नाही मिळायचं ते," सर म्हणाले.

"असं कसं? एवढं काम केलंय तिने त्याच्यावर." बाबा इतके चिडले, जणू कोणी त्यांचीच वस्तू पळवली होती. त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि मागे बसून चार वाजेपर्यंत गल्ल्यागल्ल्यांतून फिरवलं. लोकांना थांबवून विचारायचे, "इथे विमान पडलं का हो?" एका बाईने घाबरून दार लावून घेतलं. नाही मिळालं.

घरी आलो तर आत्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून चहा पीत होती. आत शिरली नव्हती. बाबा तिच्या शेजारून आत गेले, पहिली सायकल उचलली आणि म्हणाले, "उठ, वाट दे."

"उद्या काढलं तरी चालेल, दादा."

"उद्या माझं मन बदलेल. उठ."

अंधार पडेपर्यंत आम्ही सामान काढत होतो. सात रेडिओंपैकी सहा गेले. सातव्याला बाबांनी हात लावू दिला नाही. पंप बँकवाल्या आजोबांनी नेला, त्यांना तो कशाला हवा होता देव जाणे. बसच्या सीटवरून अर्धा तास वाद झाला. आत्या म्हणाली टाका, बाबा म्हणाले ही टाकायची वस्तू नाही. शेवटी ती खिडकीखाली ठेवायचं ठरलं.

आता तिचं काम तिथे चालतं. डाव्या भिंतीशी दारं उभी, मध्ये तिचं टेबल, आणि बुधवारी आलेल्या बाल्साच्या तीन फळ्या वरच्या फळीवर. पुठ्ठ्याचा साचा सरांनी कापून दिला. आत्याने तो खिळ्याला टांगून ठेवलाय आणि सरांना सांगते की वापरते. बाबा डेपोतून आले की तोंड न धुता त्या सीटवर येऊन बसतात. त्यांनी डेपोत सगळ्यांना सांगितलंय की विमान पाच मिनिटं उडालं.

"दोन चाळीस," आत्या घासता घासता म्हणते.

"दिसत होतं तोपर्यंत दोन चाळीस," बाबा म्हणतात. "पुढचं कोणी मोजलंय? आणि तो पंख इकडे दे, उजवीकडे जाड वाटतोय मला."

"हात धुऊन ये आधी."

ते धुऊन येतात.